कुलूपबंद घराची तक्रार

पोलिसांत असताना शेकडो तक्रारी हाताखालून गेल्या. वैजापूर तालुक्यातल्या एका घराची तक्रार मात्र अजून मनातून जात नाही.

मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली की ठाणे अंमलदार सांगायचा, "सर, तोच फोन पुन्हा आला होता." नाव न सांगणारा एक माणूस कळवत होता, की एका गावात सरकारी अनुदानाचं गृहकर्ज घेऊन एकानं पक्कं घर बांधलंय, पण तिथं कुणी राहत नाही, आत भाड्यानं कांदा भरलाय. फोन ठेवताना तो हटकून विचारायचा, "ज्याच्या नावावर कर्ज, त्यानंच घरात राहायचं, असा कायदा हाय ना?"

असं कर्ज राहत्या घरासाठीच मिळतं. जागा गावातली हवी, नावावर दुसरं पक्कं घर नको, आणि कुटुंबानं तिथं राहायला हवं. खोटी माहिती दिली असेल तर तो फसवणुकीचा गुन्हा. मी प्राथमिक चौकशी लावली.

हवालदार गावात जाऊन आले. दाराला बाहेरून कुलूप होतं. कापूस वेचणीचे दिवस, शेजारीपाजारी सगळे रानात; समोरच्या ओट्यावर बसलेला एक म्हातारा तेवढा होता, तो 'मला काय म्हाईत' म्हणाला.

कर्जदार वाळूजला कारखान्यात कामाला होता. त्याला ठाण्यात बोलावलं. पाळी संपवून तो कंपनीच्या गणवेशातच आला.

"घरात कोण राहतं?"

"माझे वडील, साहेब. आई गेल्यापासून एकटेच हायेत."

"मग कुलूप कसं?"

"ते मला नाय माहीत."

"तू शेवटचा कधी गेला होतास?"

खोटं बोलणाऱ्याकडं अशा प्रश्नाचं उत्तर तयार असतं, हा माझा अनुभव. हा बोटांवर महिने मोजायला लागला. "पोरीची शाळा, ओव्हरटाइम... पोळ्याला गेलतो," म्हणाला.

त्याला जीपमध्ये घेऊन मी गावात गेलो. कुलूप तसंच. समोरच्या ओट्यावरून तो म्हातारा धोतर सावरत उठला. पोलिसांकडं त्यानं बघितलंही नाही. "आलास व्हय?" एवढंच मुलाला म्हणाला.

"आबा, कुलूप कुणी लावलं?" मुलानं विचारलं.

म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून किल्ली काढली. आत कांद्याचं टरफलही नव्हतं. नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. कोपऱ्यात खाट, शेगडीजवळ धुऊन पालथं घातलेलं एकच ताट.

मी विचारायच्या आधी म्हाताऱ्यानंच मला विचारलं, "सायेब, ज्याच्या नावावर कर्ज, त्यानंच घरात राहायचं, असा कायदा हाय ना?"

अंमलदारानं सांगितलेले शब्द जसेच्या तसे. मी म्हणालो, "फोन तुम्हीच करत होतात?"

"व्हय. बँकेचे सायेब घर बघाया आले तवा बोलले हुते. माझं तर ह्यो ऐकत नाय. म्हणलं, सरकारनं सांगितलं तर ऐकंल."

घर रिकामं दिसावं म्हणून ते रोज कुलूप लावून दिवसभर समोर बसत होते.

"आबा, मला जेलात घालता का?" मुलगा ओरडला आणि उंबऱ्यावरच बसून रडायला लागला.

म्हातारा घाबरला. "जेल? नाय सायेब, काय लिहू नका. मला वाटलं, नुसतं राहायला लावत्यात."

वडील राहतात म्हणजे कुटुंब राहतं, असं बँकेनं कळवलं. गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल मी पाठवला. खोट्या तक्रारीबद्दल म्हाताऱ्यावर कारवाई करा, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. मी केली नाही.

अहवाल पाठवण्याआधी जबाबावर सह्या करायला दोघं ठाण्यात आले, तेव्हा मी बँकेचं म्हणणं समजावून सांगितलं. मुलगा म्हणाला, "आबा, चला वाळूजला. एकाच खोलीत राहू सगळे."

म्हातारा नकारार्थी मान हलवून म्हणाला, "मी आलो तर घर खरंच बंद पडंल. मग तुला खरंच धरत्याल."

नियम त्यांना आता बरोबर समजला होता. दोघं बाहेर पडले. एक वाळूजच्या गाडीला गेला, एक गावच्या.

त्यानंतर कुणीही तक्रार घेऊन आलं, की लिहून घेण्याआधी मी विचारायचो, "घरी कोण असतं?" तक्रारीशी त्याचा काही संबंध नसे. पण पुष्कळ जण आधी खुर्ची पुढं ओढून नीट बसायचे, आणि मग बोलायला लागायचे.