रिकाम्या हेल्मेटचा ताप

जानेवारी २०२२मधल्या एका सोमवारी, ॲडलेडच्या मॉसन लेक्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावरच्या एका रिकाम्या सोव्हिएत हेल्मेटचं तापमान ३९.४ भरलं. दुपारचे तीन वाजले होते. एसी तेविसावर होता.

पुण्यात सहा वर्षं मी बातम्या तपासण्याचं काम केलं. असला मजकूर डेस्कवर आला की न वाचताच कापायचो... म्हणून इथे मोजलं तेवढंच लिहितो.

हेल्मेट निखिलचं. निखिल नागपूरचा, माझा फ्लॅटमेट, आम्ही एकाच युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायचो. जुनी सैनिकी हेल्मेटं जमवायची आणि त्यांचं साल शोधायचं, हा त्याचा छंद. हे कुरिअरने आलं तेव्हा तो कोविड पॉझिटिव्ह येऊन खोलीत बंद होता. पार्सल मी उघडलं. तो आतून फोनवर विचारत होता.

"अस्तरावर शिक्का आहे का?"

"आहे. १९५१."

"ते अस्तराचं साल बे, कवचाचं नाही. युद्धानंतर जुनी कवचं रंगवून आत नवीन अस्तर बसवायचे. माथ्याजवळ बुजवलेली भोकं दिसतात?"

"तीन."

"मग जुनं मॉडेल. युद्धाच्या सुरुवातीचं." तो बराच वेळ खोकला. "पाहुणा बाहेरून आलाय ना, आधी त्याचा ताप बघ."

कपाळासमोर धरायचा थर्मामीटर टेबलावरच होता. गंमत म्हणून अस्तरासमोर धरला — ३९.४. मग टेबल, भिंत, शेल्फवरची त्याची आणखी चार हेल्मेटं... सगळीकडे ‘लो’, म्हणजे मोजण्याइतकीही ऊब नाही.

"तुझा किती?"

"सदतीस-पाच. नो वरीज."

मंगळवारी हेल्मेट ३९.८. निखिल म्हणाला, सदतीस-तीन. बुधवारी हेल्मेट ४०.१. निखिल म्हणाला, सदतीस. एवढं बोलतानाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

"ॲम्ब्युलन्स बोलावतो."

"नको. बाबा हॉस्पिटलात गेले ते परत आलेच नाहीत. आता मीपण गेलो म्हटलं तर आई तिकडेच संपेल."

दोन दिवस मी त्याचेच आकडे खरे धरले होते. बुधवारी ट्रिपल झीरो, म्हणजे इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर, लावला. ऑपरेटरने ताप विचारला. मी ४०.१ सांगितला.

"कोणी मोजला?"

"मी."

मी त्या खोलीत गेलोच नव्हतो.

पॅरामेडिकने मोजला तेव्हा ४०.१ होता. ऑक्सिजन ७९. उशाशी निखिलच्या अक्षरातला कागद होता — सोम ३९.४, मंगळ ३९.८, बुध ४०.१.

"तुला कोणी सांगितलं?" स्ट्रेचरवरून त्याने विचारलं.

त्या संध्याकाळी हेल्मेट ‘लो’ दाखवत होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी ‘लो’च. थर्मामीटर तपासून घेतला, त्यात बिघाड नाही. याहून जास्त मला आजही सांगता येत नाही.

निखिल अकरा दिवस आयसीयूत होता. बाराव्या दिवशी सकाळी गेला. नागपूरला फोन मी केला. निखिलच्या आईने, काकूंनी, तो उचलला. मग त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून चढला होता, बेटा?"

"सोमवारपासून, काकू."

"आणि दवाखान्यात कधी नेलं?"

"बुधवारी."