गाडी मागं घ्या

वाघजाईसमोर हात जोडून मी एकदा एका माणसाचं वाईट मागितलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण अनुभव सांगायचा तर तिथूनच सांगायला हवा. तसा मी काही मोठा भक्त नव्हे. आमच्या मुळशीच्या रस्त्यावर, धरणाचं पाणी खाली दिसू लागतं त्या वळणाला, वाघजाईचा शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे अनघड दगडाची देवी, आहे. जाता-येता गाडी थांबवायची, हात जोडायचे, अवसेला नारळ फोडायचा, एवढीच माझी भक्ती. त्यातही मागणंच जास्त. इंजिन तापू देऊ नकोस, दूध नासू देऊ नकोस, टायर एवढा पावसाळा काढू दे. माझं ऐकून ऐकून देवीचे कान किटले असतील.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप. मागं लाकडी हौदा, पुढं ठिकठिकाणी ठोकून सरळ केलेला पत्रा. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. धरणाकाठच्या आमच्या वाड्यांना रस्ता असा नव्हताच, आणि मी त्या वाड्यांवरचं दूध गोळा करून पौडला पोचवत असे. गाडीत मोठ्या गिअरशेजारी एक लहान दांडी होती. ती ओढली की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही जोर धरतात आणि गाडी चिखलातून वर निघते. पण मी गाडी घेतली तेव्हापासून ती दांडी नुसतीच हलायची, पुढची चाकं ढिम्म.

ती दुरुस्त केली पौडच्या कासमभाईंनी. कासमभाई तेव्हा पन्नाशीचे असतील. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी गाडीखालची गिअरची पेटी उतरवली, आतला एकेक दात रॉकेलनं धुतला आणि सगळे भाग पोत्यावर ओळीनं मांडून ठेवले. आठ दिवस त्या पोत्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. नवव्या दिवशी मी दांडी ओढली आणि गाडी ओढ्यातून अशी वर आली की मी आनंदानं ओरडलोच. त्यानंतर मला वेडच लागलं म्हणा ना. चारी चाकं ओढतात म्हटल्यावर दोनांवर कशाला चालवायची? सकाळी घरून निघताना दांडी ओढायची ती संध्याकाळी घरी आल्यावरच सोडायची.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या रस्त्यावर डांबर आलं. आणि पावसाळा सुरू झाला तशी दांडी अडकायला लागली. वळणावर स्टिअरिंग जड व्हायचं, टायर कण्हायचे, आणि थांबून दांडी सोडवायला गेलं की ती जागची हलायची नाही. ढकलून ढकलून खांदा भरून यायचा. मग घरी, अंगणातल्या चिखलात गेल्यावर कधीतरी सुटायची. दुरुस्तीनंतरच हे सुरू झालं, तेव्हा दोष दुरुस्तीचा, एवढा माझा साधा हिशेब. पुढं त्याच्यावर मजले चढत गेले. कासमभाईंनी माझ्या पेटीतले चांगले दात काढून दुसऱ्या गाडीत घातले असणार आणि मला झिजलेले बसवले असणार. हे खूळ कुणी माझ्या डोक्यात भरवलं नाही, माझं मीच भरवलं.

बाजारच्या दिवशी पौडला त्यांच्या गॅरेजशेजारच्या हॉटेलात माणसं बसलेली असताना मी ते बोललो. "माझ्या पेटीतले चांगले दात काढून तुमी इकले. चोर हाय तुमी!" कासमभाईंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी बाकावर ठेवला.

"भाऊ, ह्ये लई मोठं बोलला तुमी. चार मान्सांत बोलला. शब्द मागं घ्या."

"तोंडातनं गेला तो गेला," मी म्हणालो. "मी काय मागं घेत न्हाई."

ते उठून गॅरेजात गेले आणि कामाला लागले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. पौडसारख्या गावात असली गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? महिन्याभरात गॅरेजसमोरच्या गाड्या कमी झाल्या, मग दिसेनाशाच झाल्या. कासमभाई गाव सोडून मेव्हण्याच्या पंक्चरच्या दुकानात जाणार, असं कानावर आलं. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, बघा, चोरच होता म्हणून पळतोय. आणि इतकं बोलूनही मला जेवण गोड लागत नव्हतं. दांडी तर अडकतच होती.

शेवटी ठरवलं की गाडी पुण्याला न्यायची, दुसऱ्या मेस्त्रीकडून पेटी उघडायची आणि झिजलेले दात आणून कासमभाईंच्या दारात टाकायचे. पावसाळा सरत आला होता. निघताना बायकोला म्हणालो, जाताना वाघजाईला सांगतो, चोराला उघडा पाड, त्याला पौडात तोंड दाखवायला जागा ठेवू नकोस. ती भाकरी बांधत होती. "देवीला असलं मागत्यात व्हय?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी मागितलं. अगदी मन लावून, डोळे मिटून मागितलं. मग गाडीत बसलो तर दांडी अडकलेली. वाडीतून चिखलात निघताना लावली होती, आणि डांबरावर दोन वळणं येईपर्यंत जखडून बसली. पुण्यापर्यंत तशीच नेली असती तर आतलं काहीतरी तुटलंच असतं. मी दोन्ही हातांनी ढकलली. पाय लावून रेटली. जॅकचा दांडा घेऊन पोत्याच्या चिंधीवरून हाणली. दांडी थोडी वाकली, सुटली नाही. घामानं भिजून मी देवीकडे बघितलं आणि मनातल्या मनात तिलाही दोन शब्द ऐकवले.

तेवढ्यात वरून पाच-सहा म्हशी आल्या आणि त्यांच्यामागे एक धनगराची बाई. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. पाण्याकडे उतरणारी पायवाट बरोबर माझ्या गाडीनं अडवली होती.

"ए दादा, गाडी मागं घे."

"मावशे, गाडी बिघडलीया. म्हशी बाजूनं घाल."

"बाजूनं कुटनं? तितं मोरी हाय. चार हात मागं घे की. मागं घ्यायला काय हुतंय तुला?"

आता इथं सांगायला हवं की त्या रस्त्यावर मी गाडी मागं घेत नसे. समोरून कुणीही येवो, त्यानं मागं जायचं. एसटीचे ड्रायव्हरसुद्धा मला ओळखून होते. पण ही बाई कसली ऐकते! तिनं काठी बॉनेटवर टेकवली आणि उभी राहिली. एक म्हैस माझ्या दिव्याला शिंग घासू लागली. मी चडफडत इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी चार हात मागं घेतली. खालून खट् असा आवाज झाला. डावा हात सहज दांडीवर होता. ती आपसूक सुटून पुढं गेली, तान्ह्या पोराच्या हातून खुळखुळा काढून घ्यावा तशी.

बाई म्हशी घेऊन खाली उतरली. ती काही अदृश्य वगैरे झाली नाही. बराच वेळ पाण्याकाठी उभी राहून म्हशींना शिव्या घालत होती, आवाज वर ऐकू येत होता. ती कोण, कुठली, हे मी कधी शोधलं नाही. तिला माझ्या पेटीतलं ओ की ठो माहीत नव्हतं, एवढं मात्र खरं.

मी पुन्हा दांडी लावली आणि डांबरावरून एक वळण घेऊन आलो. अडकली. मागं घेतली. सुटली. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. मग गाडी कडेच्या चिखलात घातली आणि वाटेल तशी फिरवली. तिथं दांडी लागतही होती आणि सुटतही होती. झिजलेले दात डांबर आणि चिखल ओळखून अडकत नाहीत. पेटीत खोट नव्हती. मी गाडीच्या पायरीवर बसलो आणि मला रडू फुटलं. देवीला म्हणालो होतो, चोर उघडा पाड. एका भल्या माणसाची अब्रू चारचौघांत चोरणारा मीच होतो, आणि तो चोर तिच्या पुढ्यात उघड्यावर बसला होता. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. उठताना नमस्कार केला तेव्हा काही मागायचं सुचलं नाही.

पुण्याला गेलो नाही. पौडला थांबलो. योगायोगानं बाजारचाच दिवस होता, हॉटेल भरलेलं होतं. कासमभाई गॅरेजात पान्हे पोत्यात भरत होते. मला बघून त्यांनी मान वळवली. हॉटेलातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "मी कासमभाईंना चोर म्हनालो, त्ये खोटं हाय. त्येंनी काय बी चोरलं न्हाई. माझा शब्द मी मागं घेतो." कासमभाईंनी हातातला पान्हा पोत्यावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "दांडी सुटली कशी?"

मी सगळं सांगितलं. डांबर, वळण, म्हशी, चार हात मागं. ऐकता ऐकता ते पोत्यावर खाली बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"चिखलात चाक घसरतं, तान निगून जातो. डांबर घसरू देत न्हाई. वळनाला फुडची चाकं जास्त पळत्यात, मागची कमी, आन् सगळा तान पेटीत साठतो. दांडी अडकनारच. गाडी मागं घेतली की त्यो तान उलगडतो, दांडी सुटती. डांबरावर चारी चाकं लावायची न्हाईत, ह्ये मी तुमाला सांगितलंच न्हाई. तवा हितं डांबर नव्हतं, पर सांगायला पायजे हुतं. माजी बी चूक हाय भाऊ."

मी ज्याला चोर म्हटलं होतं, तो माणूस स्वतःची चूक शोधत बसला होता. मला त्यांच्या पायाला हात लावायचा होता, पण त्यांनी लावू दिला नाही. पोत्यातून एक पान्हा बाहेर काढला, मग दुसरा. म्हणाले, "गाडी आत घ्या. दांडी वाकवून ठिवलीया तुमी, सरळ करतो." ते गाव सोडून गेले नाहीत.

शरणागती हा शब्द मी कीर्तनात पुष्कळदा ऐकला होता आणि म्हाताऱ्या माणसांचं काम म्हणून सोडून दिला होता. आता मला वाटतं, शरण जायचं म्हणजे आपण चुकत असू शकतो एवढी जागा मनात मोकळी ठेवायची. बाकीचं आई बघते. मी जोर लावत होतो तोवर तिलाही काही करता येत नव्हतं. तिनं माझ्यासारख्या हट्टी माणसासाठी पाच-सहा म्हशी आणि एक तोंडाळ बाई पाठवली, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

कासमभाईंनी पुढं ती गाडी बरीच वर्षं सांभाळली. चारी चाकांच्या जोराची कुणाचीही गाडी आली की किल्ली हातात देताना ते सांगत, "डांबरावर चारी चाकं लावू नका. मागं एका गिऱ्हाइकाला मी ह्ये सांगायचं इसरलो आन् बिचाऱ्याला लई तरास झाला." मी शेजारी उभा असलो तरी तसंच सांगत, माझ्याकडे न बघता. त्या 'बिचाऱ्याला'मध्ये कुठं टोमणा आहे का, हे मी दर वेळी कान देऊन ऐकत असे. कधीही सापडला नाही.