वहिनींचं सॅलड आणि एक प्रश्न

फोन दादाच्या नंबरवरून आला, पण बोलत होत्या शेजारच्या काकू. "लगेच निघा," एवढंच म्हणाल्या. करंजाड्याहून कोपरखैरण्याला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात दादाला स्मशानात पोचवूनही आलो होतो. दारात चपलांचा ढीग, आणि समोर खुर्चीत दादा बसलेला… जिवंत. जीव भांड्यात पडतोय तोवर आतल्या खोलीत जमिनीवर ठेवलेल्या वहिनी दिसल्या.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. दादाची उमर वाशीच्या फळबाजारात गेली. त्यामुळे घरात फळांना तोटा नव्हता, आणि रविवारी तर्रीला. मग दादाला झटका आला, स्टेंट बसले, तेल-मीठ तुटलं. उकडलेलं चिकन आणि फळं असं सॅलड हॉस्पिटलात कुणीतरी सुचवलं. "कोंबडीत सफरचंद? त्यापेक्षा उपास बरा," दादा कुरकुरला. पण वहिनींनी ते मनावर घेतलं. आलं-मिरी घालून चिकन उकडायचं, कच्चं राहील या धास्तीने पार दोरी होईपर्यंत. मग हाताने तंतू काढायचे, सफरचंदाच्या फोडी, बिया काढलेला पेरू, मूठभर डाळिंबाचे दाणे, वरून घोटलेला चक्का आणि लिंबू. सगळं एका मोठ्या स्टीलच्या वाडग्यात. ते पुढ्यात ठेवताना ठरलेला प्रश्न यायचा, "छातीत काही नाही ना?" दादा नाही म्हणून मान हलवायचा, मगच वहिनी वाडग्यावरचा हात काढायच्या.

त्या बाईने नुसती भीती नेसली होती. बाथरूमची कडी काढून टाकलेली. दादा नुसता खोकला, तरी कणकेच्या हातांनी बाहेर यायच्या. आणि स्वतः? सगळ्यांची पानं झाली की आदल्या दिवशीचा उरलेला रस्सा भाकरीशी संपवायच्या, टाकवत नाही म्हणून. एकदा मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही पण हे सॅलड खा की."

"पेशंटचं जेवण मी कशाला खाऊ, भाऊजी? मला काय धाड भरलीय?"

जिना चढताना त्यांना दम लागायचा. छाती चोळत म्हणायच्या, "गॅस झालाय." सोडा प्यायच्या आणि परत कामाला. त्यांच्या छातीत काही आहे का, हे त्या घरात कुणी विचारलंच नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि माझी खरी भीती सुरू झाली. दादा जेवेना. गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली. मोबाइलवर त्याचं नाव दिसलं की उचलायच्या आधी मनात यायचं… पुन्हा शेजारच्या काकूंचाच आवाज आला तर? गेल्या रविवारी न राहवून मी चिकन आणि फळं घेऊन गेलो. लिफ्ट बंद होती. वर पोचलो तो घामाघूम, तरी तसाच ओट्याशी उभा राहिलो. दादा दाराला टेकून बघत होता. "शिजू दे अजून," म्हणाला. "ती दोरी करायची." बऱ्याच दिवसांनी तो तिच्याविषयी बोलला.

पेरूच्या बिया काढताना माझा हात आपसूक छातीवर गेला. दादाने विचारलं, "काय झालं?"

"काय नाय रे. गॅस असेल."

दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याने मला स्टुलावर बसवलं, सॅलड वाडग्यात काढलं, माझ्यासमोर धरलं आणि वर हात ठेवून उभा राहिला.

"छातीत काही नाही ना?"

नाही म्हणायची सवय जिभेवर तयारच होती. पण वाडग्यावरचा हात त्याने काढला नाही. आता मलाही भीती वाटायला लागली.

"दुखतंय, दादा… चार दिवस झाले."

त्याने स्वतःची गोळी पाण्याबरोबर गिळली, पायात चपला सरकवल्या आणि वाडग्यावर ताट झाकलं. "डॉक्टरकडे चल," तो म्हणाला. "आल्यावर दोघं खाऊ."