संकष्टीची गोळी

सन २०२३. मी एकोणसत्तरचा होतो आणि कळव्याच्या स्टँडवर रोज रिक्षा लावत होतो. साखरेची गोळी त्याच वर्षी मागे लागली. स्टँडवरचे सगळेच मग डॉक्टर झाले. एक म्हणे कारल्याचा रस घ्या, दुसरा म्हणे जांभळाच्या बियांची पूड. सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या तोंडात वडापाव. मी चौथीपर्यंत शिकलेलो, पण दिलेली गोळी वेळेवर घ्यायला चौथीसुद्धा लागत नाही. एक दिवस चुकवली नाही.

संकष्टीलाही नाही. संकष्टी मी तरुणपणापासून धरतो, आणि खरी धरतो. हल्लीचे लोक दिवसभर साबुदाण्याची खिचडी, वेफर्स हाणतात आणि चंद्राची वाट बघतात. कशाला बघतात कोण जाणे, भूक तर लागलेली नसते. माझं चंद्र दिसेपर्यंत पाणी आणि बिनसाखरेचा चहा. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, तिने उपवास मोडत नाही. म्हणून त्या संकष्टीलाही सकाळी गोळी घेतली आणि निघालो.

दुपारी शीळफाट्याला जाणारी एक बाई बसली. मुंब्रा ओलांडल्यावर माझे हात थरथरायला लागले, बनियन घामाने भिजलं, पुढचा ट्रक एकाचे दोन दिसायला लागला. रिक्षा मी कडेला घेतली. धडकवली नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण घरी त्याचं कौतुक कोणी केलं नाही.

"काका, शुगर आहे का तुम्हाला?" बाईने पिशवीतून ज्यूसचा खोका काढून नळी खुपसली.

"उपवास आहे माझा."

"बाप्पाला मी सांगते. तोंड उघडा आधी!"

भर रस्त्यात, दिवसाढवळ्या उपवास मोडला. वर बाईने माझ्याच फोनवरून माझ्या मुलाला बोलावून घेतलं. त्याने रिक्षाची किल्ली खिशात घातली ती घातलीच.

संध्याकाळी दवाखान्यात मुलगा आणि डॉक्टर माझ्या डोक्यावरून बोलत बसले.

"बाबांना आता रिक्षा बंद करायला सांगा, डॉक्टर."

"बाबा इथेच बसलेत," मी म्हणालो. "रिक्षा बंद करून काय करू? तुझ्या आईच्या मालिका बघू?"

डॉक्टर म्हणाला, "आजोबा, ही गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं. उपवास करता हे सांगायला नको?"

"तुम्ही दारू विचारलीत, तंबाखू विचारलीत. उपवास विचारलात?" त्याच्या टेबलावर हा एवढा गणपती होता.

"मग सोडा उपवास."

"उपवास सुटणार नाही. गोळी बदला."

आणि काय, बदलली की! साखर अशी एकदम खाली न पाडणारी गोळीसुद्धा असते म्हणे. मग आधीच का नाही दिली? मोठे शिकलेले! वर अटी घातल्या. उपवासाला दूध आणि फळ घ्यायचंच, आणि रोज बोट टोचून साखर बघितल्याशिवाय रिक्षा काढायची नाही. मुलाने लगेच री ओढली, "आकडा बघूनच किल्ली देणार."

दूध घेईन म्हणालो. साबुदाणा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा उठायच्या आत मी बोट टोचलं, भाकरी खाल्ली, नवी गोळी गिळली आणि ते साखर मोजायचं मशीन नेऊन त्याच्या नाकासमोर धरलं. डोळे चोळत त्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि उशीखालून किल्ली काढून दिली. मी ठाणे कोर्टाचं भाडं घेतलं.