शेगडीला टेकवलेला हात

आमच्या घरात सासूला आत्ती म्हणतात. आत्ती लेकीकडं शिरोळला गेल्या, तेवढ्या पंधरा दिवसांत मी डाव साधला. गॅस काढून टाकला आणि विजेवर चालणारी मोठी शेगडी बसवून घेतली. वर काळी काच, काचेवर चार गोल, खाली ओव्हन. नवरा म्हणाला, आईला विचारलंस का? मी म्हटलं, भांडी कोण घासतं ते आधी विचार.

बसवायला आलेला माणूस बोलका होता. त्यानं वेगळी जाड वायर ओढली, अर्थिंग तपासलं आणि मला समोर उभं करून बजावलं, "वैनी, ह्येला जाळ दिसत न्हाय, म्हणून लई जपायचं. बटन बंद केलं तरी काच तापलेलीच ऱ्हातीय. ह्यो लाल दिवा जाईस्तोवर हात लावायचा न्हाय. घरात समद्यांस्नी सांगून ठेवा." मी नवऱ्याला सांगितलं. पोरीला तर तीनदा सांगितलं.

आत्ती परत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. "आगं बया, ह्यात जाळ कुठं हाय?"

"जाळ नसतोय आत्ती, काच तापते."

"मग त्येला चूल कशाला म्हणायचं? टीव्ही आडवा टाकलाय की नुसता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पापडांचा प्लास्टिकचा डबा ओव्हनमध्ये ठेवला. कपाट समजून. मी ओव्हन चालू करणार तोच दिसला, म्हणून वाचलं. केवढ्यांदा ओरडले मी त्यांच्यावर! तेव्हापासून बटण फिरवायच्या आधी आत वाकून बघायची सवयच लावून घेतली. ओव्हनसाठी माझा घसा चांगला चालायचा. लाल दिव्याचं मात्र आत्तींना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे विसरले नव्हते. दिवसभर टोमणे ऐकले की त्यांच्याशी कामापुरतंही बोलावंसं वाटत नसे. बघतील त्यांचं त्या, म्हटलं.

शुक्रवारी शाहूवाडीच्या चुलत सासूबाई आल्या. माझी पहिलीच ज्वारीची भाकरी त्या काचेवर फुगेना. तव्यावर ठीक भाजायची, पण शेवटी जाळाला लावल्याशिवाय भाकरीला पोट सुटत नाही, आणि जाळ तर मीच घरातून घालवलेला. आत्तींनी ती भाकरी दोन बोटांत धरून पाहुणीपुढं हलवली. "बघा जाऊबाई, आमच्या सूनबाईनं चपलीचा तळ भाजलाय. आईनं हेच शिकवून धाडलंय." पाहुणी पदर तोंडाला लावून हसली. माझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी उरलेल्या भाकरी तशाच भाजून काढल्या. तवा उतरवला, बटण बंद केलं आणि परात धुवायला वळले.

आत्तींचा शुक्रवारचा नेम होता. सकाळचा स्वयंपाक झाला की शेगडीला हळदकुंकू लावायचं, उजवा तळवा तिच्यावर टेकवायचा आणि तो कपाळाला लावायचा. आधी चुलीच्या काठावर टेकवायच्या, मग गॅसच्या दोन बर्नरच्या मधल्या पत्र्यावर. या काचेला काठ नव्हता, मधलं काही नव्हतं. त्यांनी करंडा आणला. पुढच्या स्टीलच्या पट्टीवर, बटणांच्या शेजारी, हळदकुंकवाची बोटं ओढली. लाल दिवा त्यांच्या बोटाशेजारीच लागलेला होता. मला इथून, नळापासून, स्वच्छ दिसत होता.

"गरम" एवढा शब्द पुरला असता. तो तोंडात आला होता. मी परात घासत राहिले. आत्तींनी सगळ्यात मोठ्या गोलावर तळवा टेकवला, चांगला दाबून, देवाच्या पायावर ठेवतात तसा.

त्या किंचाळल्या तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मग मी धावले, त्यांचा हात नळाखाली धरला, पाहुणी टूथपेस्ट घेऊन आली तिला हाकललं, दवाखान्यात नेलं. तळव्याचं कातडं सुटून आलं होतं.

पट्टी होती तोवर मी त्यांना भरवत होते. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, अशी सून मिळायला नशीब लागतं. आत्ती माझ्याकडं बघत घास चावायच्या. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. त्यांनी विचारलं, "त्यो लाल दिवा कशाचा गं?"

"काच तापलेली असल्याचा."

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मी हात टेकवला तवा बघत हुतीस?"

मी मान हलवली. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"पावण्यारावळ्यांत बोलू नकोस. पोराच्या कानावर तर न्हायच," त्या म्हणाल्या. "पर आता मला तूच भरवायचं. हात बरा झाला तरीबी. मी हाय तवर."

हात केव्हाच बरा झाला. काल शेजारणीशी गप्पा मारत आत्तींनी त्याच हातानं सूपभर शेंगा फोडल्या. मग जेवायला बसल्या, हात मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडं बघून तोंड उघडलं.