मांडीवरची चिकटपट्टी

ऑपरेशन संपलं. आजी कण्हत शुद्धीवर येत होत्या आणि मी भूलतज्ज्ञाच्या ऐटीत सिस्टरांना सांगत होतो, "सगळं छान झालं. दुखतंय त्यांना, मॉर्फिन द्या."

सिरिंज सलाईनच्या नळीपाशी गेली. सिस्टरांनी सवयीने स्क्रीनवरच्या नोंदी पाहिल्या आणि हात थांबवला.

"सर, दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच दिलंय की! श्वास थांबवायचाय का आजींचा?"

माझाच थांबला होता.

पूर्वी या नोंदी मी चिकटपट्टीवर लिहून पँटच्या मांडीवर डकवायचो. कित्येक पट्ट्या धोब्याने धुतल्या. ते रुग्ण कुणाच्या भरवशावर जागे झाले असतील?

आजींची छाती वर-खाली होत होती. "पुन्हा सांगतो," मी पुटपुटलो.

"सांगा. पण स्क्रीनवर बघून."

मी पहिलीतल्या पोरासारखा मोठ्याने वाचू लागलो.