खांबावरची लाल चिंधी

ती घटना मी विसरू शकत नाही, कारण तिच्यात मी जवळजवळ चुकलोच होतो.

आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या गुढियारी वस्तीत एका सकाळी कपडे वाळत घालताना एका घरची सून विजेच्या धक्क्याने गेली. कपड्यांची तार एका बाजूला घराच्या खिळ्याला, दुसऱ्या बाजूला विजेच्या लोखंडी खांबाला बांधलेली. अशी तार त्या गल्लीत घरोघरी होती. मी पंचनामा केला. जळालेला तळहात, पालथी बादली, खांबाला छातीच्या उंचीवर बांधलेली लाल चिंधी, सगळं लिहिलं. माझ्या पहिल्या ठाणेदारांनी शिकवलं होतं, "दिसेल ते लिही, अक्कल नंतर चालव." ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

तिसऱ्या दिवशी वीज केंद्राच्या अभियंत्याचं पत्र आलं. खांबाला बेकायदा तार बांधली होती, बिघाडाची कार्यालयाला कल्पना नव्हती, जबाबदारी मयताच्या कुटुंबाची. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि पत्र सुबक होतं. मलाही ते पटलं, आणि तसाच अहवाल लिहून मर्ग बंद करायचं मी ठरवलं.

त्याच दुपारी त्या सुनेची सासू ठाण्यात आली. मूळची भंडाऱ्याकडची, मुलगा उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. बाकावर बसायलाही तयार नव्हती.

"साहेब, तार मीच बांधली. मले बंद करा."

"आजी, घरी जा."

"काहून जाऊ? नात विचारून राहिली, माह्या आईले कोनं मारलं. काय सांगू तिले?"

शिपायाबरोबर तिला घरी पाठवलं.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, त्या खांबाले चिंधी कोनं बांधली, ते विचारा ना." एवढं बोलून त्याने ठेवला.

आधी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "कोनाचा नवस असन म्हनून हात नाही लावला. आमच्यात नवस नाही, पन दुसऱ्याचा काहून मोडा?" खरं सांगायचं तर मीही तेच समजलो होतो.

मग त्या भागातल्या कंत्राटी लाइनमनला बोलावलं. आवाज चढवला की माणूस बोलतो, पण बहुधा खोटं बोलतो. मी त्याला चहा दिला आणि पंचनाम्यातली चिंधीची ओळ वाचून दाखवली. कप तसाच राहिला.

"आमीच बांधतो, साहेब. खांबात करंट उतरत असन अन् सामान नसन, तर खूण म्हनून चिंधी बांधतो. सामान आलं का तो खांब पयले."

"ही कधी बांधली?"

"तीन हप्ते झाले. रजिस्टरमंदी लिवलं. मोठे साहेब म्हने, सामान येऊ दे."

"फोन तुझाच ना?"

"हव." मग हळूच म्हणाला, "माही नोकरी जाईन."

"जाईल," मी म्हणालो. खोटा धीर देणं मला कधी जमलं नाही. त्याने तरीही जबाबावर सही केली.

रजिस्टर जप्त केलं. नोंद होती आणि खाली अभियंत्याची सही होती.

पुढे कुटुंबाने वीज खात्यावर भरपाईचा दावा लावला, त्यात त्यांचे वकील आणखी पुढे गेले. ते म्हणाले, वीज ही धोक्याची वस्तू. जो ती लोकांच्या दारातून नेतो, त्याने ती आवरली पाहिजे. ती निसटून कोणी मेलं, तर त्याची चूक सिद्ध झाली नाही तरी जबाबदारी त्याचीच. इतकी वर्षं वर्दी घालून मला हे नीट ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली. न्यायालयाने वकिलांचं म्हणणं मान्य केलं. निकाल मी स्वतः आजीला वाचून दाखवायला गेलो. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी तीनदा वाचला.

लाइनमनचं काम गेलंच होतं. घरगुती वायरिंग करून तो पोट भरत होता. एका रविवारी तो दोन बांबू आणि नायलॉनची दोरी घेऊन आजीच्या दारात आला. मलाही त्याने सोबत नेलं होतं, त्याला एकट्याने जायची हिंमत नव्हती.

"माय, चिंधी मीनं बांधली होती. तुमाले सांगाले पाह्यजे होतं."

सून गेल्यापासून त्या घरातले कपडे आत, खाटेवर वाळत होते. आजीने दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं.

"बांध," ती म्हणाली. "ताणून बांध."

चार ओळींचा अहवाल लिहून मी आजीला जन्मभराची गुन्हेगार ठरवणार होतो. त्या पापातून मला एका कंत्राटी माणसाने वाचवलं, आणि त्याची किंमत त्याने भरली. त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या दिवशी दोरीवर पहिला पडला तो नातीचा शाळेचा फ्रॉक.